काचेपलीकडच्या हौसाक्का

हौसाक्कांबद्दल चांगलं बोलणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. त्या रिटायर झाल्या त्या दिवशी केंद्रात हार आणलेला होता, पण तो घालायला कोणी पुढं होईना. एकमेकांना कोपरानं ढोसणं चाललं होतं. शेवटी त्यांनीच तो टेबलावरून उचलला, हुंगला आणि म्हणाल्या, "शिळा हाय. कुठल्या मयताचा उरलेला उचललासा रं?" मग तो पिशवीत टाकून घरी घेऊन गेल्या.

मी त्या केंद्रात झाडलोट करायची आणि चहा द्यायची. केंद्र हायवेला लागून होतं. आगीचे बंब, ॲम्ब्युलन्स, पोलिसांच्या गाड्या, पुरातल्या होड्या, या सगळ्यांशी तिथून बोलणं चालायचं. त्यासाठी वेगळं नेटवर्क बसवलेलं होतं. पूर आला किंवा मोठा अपघात झाला की आपले फोन लागत नाहीत, कारण सगळा मुलूख एकाच वेळी फोन लावत असतो. हे नेटवर्क फक्त वाचवायला जाणाऱ्यांचं. त्यावर दुसऱ्या कोणाला शिरता येत नसे. जवानाच्या हातात मोबाइलपेक्षा जाड सेट असायचा. त्यावरून आवाज यायचा, चित्रही यायचं आणि खोलीतल्या भिंतीवरच्या पडद्यावर माणूसभर मोठं दिसायचं. या खोलीच्या मुख्य हौसाक्का.

आवाज हळू करणं त्यांना जमायचंच नाही. शहापुरात विणकरांच्या मागांच्या खडखडाटात त्या वाढलेल्या. कोणाला बाजूला घेऊन त्यांनी झापलं असं कधी झालं नाही. जे बोलायचं ते सगळ्यांच्या देखत, पार गेटवरच्या पोलिसाला ऐकू जाईल असं. नवीन पोरगी कामाला आली की पहिल्या दिवशी तिच्या साडीचा पदर चिमटीत धरून बघायच्या. "पॉवरलूमची. ताणा कच्चा. दोन धुण्यांत चाळण होतीया बघ." लग्नातली साडी असली तरी हेच. मी न बोलणारी, म्हणून माझं नाव त्यांनी मुकी ठेवलं. "हिच्या तोंडात जीभ घालायच्या वक्ताला देव जेवायला गेलता," असं नव्या साहेबांना माझी ओळख करून देताना म्हणाल्या होत्या.

पण चहा सांगताना त्या ओरडत नसत. खोलीला मोठी काच होती. काचेच्या आत त्या, बाहेर मी. आतून त्या नुसते ओठ हलवायच्या. 'दोन बिनसाखरेचे, साहेबांना नको.' मी नेऊन द्यायची. बाकीच्यांना वाटायचं मला त्यांच्या वेळा पाठ आहेत. तसं नव्हतं. मी वडगावची, तिथंही घरोघरी माग. चौथीतून काढून मला मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं होतं. दहा-बारा माग एकदम चालू असले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडं बाया ओठांनी बोलतात आणि ओठांवरून ऐकतात. सासूची चाडी, नवऱ्याचा मार, सगळं तसंच. आवाज कशाला लागतो? हे आक्कांना येत होतं आणि मला येत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

सेटवर बोलायची त्यांची एक रीत होती. "गाव सांग, माणसं सांग, मग रड." नमस्कार नाही, साहेब नाही, अरे देवा नाही. जो उलट्या क्रमानं बोलेल त्याला सगळ्यांच्या कानावर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायच्या. त्यांच्यापुढं एक लाल बटण होतं. ते दाबलं की समोरच्याचं बोलणं तिथंच तुटायचं आणि वाट दुसऱ्याला मोकळी व्हायची. ते बटण त्यांच्याइतकं कोणीच वापरलं नसेल.

परशा म्हणून ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता. एकदा दुपारी घाटातल्या अपघातावर त्याची गाडी पहिली पोचली, आणि रस्त्यावर पडलेल्यांत त्याचा सख्खा भाऊ निघाला. परशा सेटवर नुसता "माझा भाऊ, माझा भाऊ" म्हणून ओरडायला लागला. खोलीतल्या पोरींनी तोंडाला पदर लावला. आक्का म्हणाल्या, "भाऊ एक झाला. बाकी किती?" त्याला बोलवेना. आक्कांनी बटण दाबलं, त्याला तोडला आणि पोलिसाच्या सेटवरून बाकीच्यांची मोजदाद घेऊन दुसऱ्या दोन गाड्या पाठवल्या. भाऊ वाचला, पाय गेला. पुढं त्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा परशानं केंद्रात सगळ्यांना पत्रिका दिली, मलासुद्धा दिली, आक्कांचं टेबल तेवढं वगळलं. आक्कांनी मान वर न करता म्हटलं, "बरं झालं. आहेर वाचला."

एकदा नेटवर्क बघायला मोठे पाहुणे आले. फोटोवाले बरोबर. पाहुण्यांनी सेट हातात धरला आणि मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतून सगळ्या जवानांना नमस्कार घालून सणाच्या शुभेच्छा द्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर आवाज गेला. पाहुणे सेट हलवून बघत होते, कानाला लावत होते. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. आक्का जागेवरून म्हणाल्या, "मी तोडलं. ही वाट बंबाला ठेवल्याली हाय, वरातीला न्हवं." त्या वेळी कुठं आग लागली होती असंही नाही. नंतर साहेबांनी त्यांना अर्धा तास कन्नडमधून सुनावलं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या.

अशा बाईशी कोणी हसून बोलायचं नाही. म्हादू तेवढा बोलायचा.

म्हादू होडीवरच्या पथकातला जवान. जांबोटीच्या पलीकडच्या वस्तीतला, विधवा आईचा एकुलता एक. जंगलात वाढलेला असल्यामुळं की काय, त्याला गप्प राहणं सोसायचं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत तो सेटवरून विचारायचा, "आक्का, जेवलीसा काय?" रोज आक्का बटण दाबायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरी हसायच्या. एक दिवस आक्कांनी त्याला केंद्रात बोलावून घेतलं आणि सेट तपासायचा आहे म्हणून गच्चीवर पाठवलं. पाऊस पडत होता. सिग्नल येतो का बघ, मी सांगेपर्यंत बोलत राहा, म्हणाल्या. म्हादू वर उभा राहून बोलत राहिला. ऐकू येतंय काय आक्का, आता येतंय काय, हिकडं सरकू काय. खाली खोलीत त्याचा शब्द न् शब्द येत होता. आक्का हाताची घडी घालून बसल्या होत्या. तो कुडकुडायला लागला, त्याचे दात वाजलेले ऐकू यायला लागले, तेव्हा त्यांनी बटण दाबून सांगितलं, "मगापास्नं ऐकू येतंय. उतर. बोलायची हौस फिटली न्हवं?" तो खाली आला, केस झाडले आणि म्हणाला, "आक्का, तुमी मला इतकं ऐकलासा, आमच्या आईनं बी कवा ऐकलं न्हाय." त्याला ताप भरला. चार दिवसांनी कामावर आला आणि सेटवरून पुन्हा विचारलं, जेवलीसा काय.

पुढच्या वर्षी निपाणीकडं नदीला पूर आला. धरणांतून पाणी सोडलं होतं आणि वरून पाऊस थांबत नव्हता. काठावरची एक वाडी निम्मी पाण्यात गेली होती. तिथले फोन सकाळीच बंद पडले होते. आमचं नेटवर्क मात्र चालू होतं, आणि चित्र असं स्वच्छ येत होतं की माणसाच्या मिशीवरून निथळणारं पाणी दिसावं.

दुपारची वेळ. मी चहाचा ट्रे घेऊन खोलीत गेले होते. होडी एकच होती, यल्लाप्पा नावाचा जवान ती चालवत होता. पलीकडच्या अंगाला एका घराच्या छपरावर एक कुटुंब बसलेलं होतं, म्हातारी, बायका, कडेवरची पोरं. घराची एक भिंत पडलेली होती. होडीला धरायला त्या घरापर्यंत दोर बांधावा म्हणून म्हादू आधी पाण्यात उतरला होता. दोर बांधून येताना तो ओढला गेला आणि खालच्या अंगाच्या एका झाडाला अडकला. कमरेचा दोर त्यानं फांदीला बांधून घेतला होता. झाड एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला. यल्लाप्पा काठावरून विचारत होता, होडी कुठं घालू.

तेवढ्यात म्हादूनं सेट तोंडासमोर धरला आणि पडद्यावर त्याचा चेहरा आला. तो बोलत होता, पण आवाज येत नव्हता. सेटमध्ये पाणी गेलं असावं. साहेब पडद्याजवळ गेले. त्यांना मराठी येत नव्हतं, आणि आलं असतं तरी काय उपयोग होता. ते कन्नडमध्ये आक्कांना म्हणाले, काय म्हणतोय तो?

मी पडद्याकडं बघत होते. म्हादू म्हणत होता, "आक्का, दोर सुटालाय. होडी हिकडं पाठवा." थांबून पुन्हा तेच. "दोर सुटालाय. आदी हिकडं पाठवा, आक्का."

आक्का म्हणाल्या, "आदी त्या घराकडं जावा म्हणतोय. मी दम धरतो म्हणतोय."

त्यांनी ते मराठीत सांगितलं, मग कन्नडमध्ये सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि यल्लाप्पाला घराकडं जायला सांगितलं. मग आक्कांनी म्हादूच्या सेटची कळ दाबली. तो बोलू शकत नव्हता, पण त्याला ऐकू जात होतं. त्या म्हणाल्या, "ऐकलं. होडी येतीया. फांदी सोडू नको." पडद्यावर म्हादूचा चेहरा सैल झाला. तो हसला. मान हलवली.

त्याच वेळी आक्कांनी वळून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. त्या म्हणाल्या, "चहा ठेव आणि जा."

होडीत सगळं कुटुंब आलं. ती काठाला लागायच्या आत ते घर बसलं. मग होडी झाडाकडं गेली. झाड होतं. फांदीला दोराचा तुकडा होता.

पुढं काय झालं ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे. म्हादूचे शेवटचे शब्द म्हणून ते वाक्य सगळीकडं गेलं. पेपरात आलं. वस्तीच्या फाट्यावर फलक लागला, त्यावर म्हादूचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, आधी त्यांना वाचवा, मी दम धरतो. नेटवर्क आणखी तालुक्यांत बसवायचं ठरलं, त्या बैठकांत साहेब ते चित्र दाखवायचे. आवाज नसलेला म्हादू बोलतोय आणि खाली आक्कांचं वाक्य लिहिलेलं. लोक रडायचे. आक्कांना बरोबर नेत असत. त्या पहिल्या रांगेत पडद्याला पाठ करून, खुर्ची वळवून बसायच्या. लोकांना वाटायचं त्यांना बघवत नाही. एकदा साहेबांनी वडगावात कार्यक्रम ठरवला. आक्कांनी ऐन वेळी मशीन बिघडल्याचं सांगितलं आणि तो मोडला. वडगावात ते चित्र लागलं असतं तर अख्ख्या गल्लीनं ते वाचलं असतं.

माझ्याशी त्या या विषयावर एकदाच बोलल्या. कप उचलायला गेले तेव्हा म्हणाल्या, "तू बी मागावरचीच न्हवं गं?" मी मान हलवली. "मग ठीक हाय," म्हणाल्या. काय ठीक होतं ते मला कळलं नाही.

म्हादूच्या आईला एकदा केंद्रात बोलावून शाल दिली. तुळसाबाई तिचं नाव. काळी, उंच, हाडकुळी बाई. साहेबांनी भाषणात ते वाक्य म्हटलं तेव्हा सगळे तिच्याकडं बघत होते. ती शालीच्या दशा मोजल्यासारखी बोटांत धरून बसली होती. टाळ्या झाल्या तरी तिनं वर बघितलं नाही. जाताना शाल खुर्चीवरच राहिली. विसरली असेल म्हणून मी पळत जाऊन दिली, तर म्हणाली, "घाल तुझ्या पोरीला."

माझी थोरली बहीण जांबोटीला दिली आहे. तिच्याकडून मला कळलं. तुळसाबाईनं पोराचा फोटो भिंतीकडं तोंड करून टांगला होता. दिवा लावत नव्हती. वर्षश्राद्धाला भाऊबंद जमले तेव्हा तिनं चूलच पेटवली नाही. कोणी समजावायला गेलं की म्हणायची, होडी येत होती, त्यानं परत धाडली. दुसऱ्याच्या आयांची दया आली त्याला. माझी आठवण झाली न्हाय. मला टाकून गेलेल्याला मी का जेवू घालू?

हे मला गिळता येईना. एक दिवस दुपारी काचेबाहेर उभी राहून मी आक्कांना ते सगळं ओठांनी सांगितलं. खोलीत पोरी होत्या, पण कोणाचं लक्ष गेलं नाही. आक्का शेंगा फोडत होत्या. त्यांचे हात थांबले. मी सांगून झाल्यावर त्यांनी टरफलं गोळा केली, कागदात बांधली आणि सेट कानाला लावला.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या रिटायर झाल्या. मग एका रविवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मुके, तुझ्या बहिणीच्या गावाला जायचंय. नेस लवकर, बस एकच हाय."

जांबोटीला उतरून पुढं बरंच चालावं लागलं, वस्तीपर्यंतची बस दुपारनंतर एकदाच यायची. फाट्यावरचा फलक आक्कांनी बघितला नसेल असं होणार नाही, पण त्या चालतच राहिल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "तू काय बोलू नको. तसं बी तू कुठं बोलतीस म्हणा."

तुळसाबाई अंगणात नाचणी निवडत होती. तिनं आक्कांना ओळखलं. पाणी दिलं, घोंगडं टाकलं. दारातून आतली भिंत दिसत होती, फोटोची लाकडी पाठ आमच्याकडं होती. आक्का घोंगड्यावर बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "तुझं पोरगं ते बोललं न्हवतं. ते मी सांगितल्यालं."

तुळसाबाईचे हात सुपात तसेच राहिले.

"दोर सुटालाय, होडी हिकडं पाठवा, आदी हिकडं, असं म्हणालता. दोनदा म्हणाला. मी वाचलं ते त्येच्या ओठांवरनं. खरं सांगितलं असतं तर सगळी त्येच्याकडं धावली असती, आपला माणूस म्हणून. तिकडं घर पडालतं, पोरं होती. म्हणून मी दुसरं सांगितलं. त्येला सांगितलं होडी येतीया. त्येनं इस्वास ठेवला."

पाया पडणं नाही, रडणं नाही. गाव सांगावं, माणसं सांगावीत, तसं त्यांनी सांगितलं.

तुळसाबाईनं विचारलं, "जगायचं म्हणालता?"

"व्हय."

"भ्यालता?"

"व्हय."

"आणि परत तशी येळ आली तर?"

आक्का म्हणाल्या, "तसंच सांगीन."

मला वाटलं आता ही बाई सूप आक्कांच्या डोक्यात घालेल. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, आत गेली. खिळ्यावरून फोटो काढल्याचा आवाज आला. ती लुगड्याच्या पदरानं काच पुसत दारात आली, तो सुलट करून पोटाशी धरला, आणि तसाच धरून आक्कांना म्हणाली, "आता जा. माझ्या अंगणात उभी राहू नको."

आक्का वळल्या. त्यांच्याबरोबर मीही वळले, तर तिनं माझा हात धरला. "तू बस. तू पोचवायला आलीयास. चा घे."

वस्तीच्या तोंडाला, तिच्या दारातून सरळ दिसेल अशी, बस वळायची जागा होती. आक्का तिथं जाऊन उभ्या राहिल्या. सावली नव्हती. तुळसाबाईनं चूल पेटवली. फोटो तिनं चुलीजवळ, जेवायला बसलेल्या माणसाला ठेवावा तसा भिंतीला टेकून ठेवला होता. चहाचं पाणी ठेवलं, ते उकळलं तरी हलवत राहिली. मग कप माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर बसली.

बस आली, वळून उभी राहिली. आक्कांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि आम्ही बसलो होतो त्या घराकडं बघत तशाच थांबल्या. कंडक्टर त्यांच्यावर ओरडत होता, ते इथंपर्यंत ऐकू येत होतं. त्या काही बोलत नव्हत्या. पाय काढत नव्हत्या आणि वरही चढत नव्हत्या.

मी घाईनं कप तोंडाला लावला. तुळसाबाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सावकाश पी," ती म्हणाली. "तिला थांबू दे. माझा बी थांबला न्हवं?"